स्टिकरखालचा स्क्रू

"ह्या पोरले तोंड शे का नही, नाना?"

एरंडोलकडचे एक आबा माझ्याकडे बघून अहिराणीत हे विचारत होते आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर, ओट्याच्या पायरीला टेकून बसले होते. माझ्या कानात इअरफोन होते, म्हणून मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं असावं. खरं तर इअरफोनमधून काहीच वाजत नव्हतं. माझा प्लेअर बंद पडला होता आणि त्यासाठीच मी तिथे आले होते.

नानांनी हातातलं काम खाली ठेवलं. "शे ना," ते म्हणाले. "स्टिकरखाले शे."

आबा मोठ्याने हसले. मला तो विनोद कळायला तीन रविवार लागले.

बाबांची जळगावहून धुळ्याला बदली झाली आणि आम्ही देवपुरात राहायला आलो, तेव्हा नाना आमचे शेजारी झाले. आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकवून ते निवृत्त झाले होते. पत्नी आम्ही यायच्या कितीतरी आधी वारली होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची आणि अजूनही 'अक्कांचं घर' असंच म्हणायची. मुलगा नाशिकला. दर रविवारी सकाळी नाना ओट्यावर चटई टाकत, मधोमध एक मोठं स्टीलचं ताट ठेवत आणि ज्यांचं काही वाजेनासं झालं असेल असे लोक येऊन बसत. शेतात कमरेला अडकवायचे मेमरी कार्डवाले डबे यायचे, चार्जिंगच्या भोकात केळीचा चीक वाळून बसलेले. भजनांच्या कॅसेटी लावायचे जुने वॉकमन यायचे. नानांच्या लेखी या सगळ्याला एकच नाव होतं, बाजा. माझा अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेअरसुद्धा बाजाच.

कुठलाही बाजा हातात आला की ते आधी तो चालू करत, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या पाठीवर टेकवत आणि दांडा आपल्या कानामागच्या हाडाला लावत. डोळे मिटून बसत. समोरचा माणूस काय बिघडलंय ते सांगत असला तरी हात वर करून त्याला थांबवत. "आधी ऐक, मग उघड," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांना कमी ऐकू येत होतं हे मला बरेच दिवस कळलंच नाही, कारण बाज्याच्या बाबतीत त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू यायचं.

आणि ते कधीच कोणाला काही दुरुस्त करून देत नसत. ज्याचा बाजा त्याने उघडायचा. कडा असलेल्या ताटात उघडायचा, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत. कागदावर बाज्याचं चित्र काढायचं आणि जिथला स्क्रू तिथेच कागदात टोचून ठेवायचा. ज्याला घाई असेल त्याला ते बाजारातल्या दुकानाचा पत्ता सांगत. "मी करून दिलं आणि पुन्हा बंद पडलं, तर परत माझ्याकडे येशील," ते म्हणत. "मी काय जन्माला पुरणार आहे?"

माझ्या प्लेअरची बॅटरी फुगली होती. तिसऱ्या रविवारी माझा नंबर लागला तेव्हा त्यांनी तो ऐकून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "खोल." मी तीन स्क्रू काढले. झाकण हललं नाही. मी नखाने ओढलं, मग पट्टी घातली. नाना माझ्याकडे नाही, बाज्याकडे बघत होते. "हळू, माय. जोर लावावा लागला ना, की समजायचं, एखादा स्क्रू राहिला." मागच्या बाजूला एक चंदेरी स्टिकर होतं. त्यावर बोट फिरवल्यावर एका जागी खळगा लागला. स्टिकर उचकटलं तर खाली चौथा स्क्रू. तो काढल्यावर झाकण आपोआप हातात आलं. आबांना ते काय म्हणाले होते ते मला तेव्हा समजलं, आणि राग यायला हवा होता तो काही आला नाही.

एका मोडक्या ब्लूटूथ हेडसेटमधली छोटी बॅटरी मी त्यात स्वतः जोडली. लाल वायर लालला, काळी काळीला. सोल्डर करताना बोट भाजलं. "भाजू दे, भाजलेलं बोट विसरत नाही," नाना म्हणाले आणि आत जाऊन चहा घेऊन आले. चहासाठी ते आलं खलबत्त्यात ठेचत. स्वयंपाकघराच्या फळीवर एक मिक्सर होता, वायर गुंडाळलेला, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातलेला. त्याच्या भांड्यात लाकडी चमचे उभे करून ठेवले होते. एकदा आबांनी दारातून बघून विचारलं, "हाऊ बंद शे का, नाना?" नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे तो." अख्ख्या पंचक्रोशीचे बाजे ज्याच्या ओट्यावर चालू होतात त्याच्या घरात बंद मिक्सर का, हे मी विचारलं नाही. मी कोणालाच काही विचारत नसे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आई-बाबा एकमेकांशी अहिराणीत बोलत, माझ्याशी नाही. आई बाबांना हाक मारायची ती "आयकतस का?" अशी, गल्लीतल्या बाकीच्या बायका नवऱ्याला मारतात तशीच, पण मी तिच्या तोंडचं एखादं वाक्य उचललं तर म्हणायची, "तू नको तसं बोलू." त्यामुळे मला सगळं कळतं, बोलता काहीच येत नाही. शाळेत इंग्रजीत अडखळायचे, गल्लीत मराठीत. शेवटी कानात इअरफोन घालून टाकले. इअरफोन असले की लोक प्रश्न विचारत नाहीत. तो प्लेअर चालू राहणं मला किती गरजेचं होतं ते कोणाला माहीत नव्हतं. नानांना बहुतेक होतं. दुरुस्त झाल्यावर मी तो कानाला लावला तेव्हा ते म्हणाले, "रविवारी येत जा. ऐकत जा. बोललं पाहिजे असं नाही."

म्हणून मी जात राहिले.

एका रविवारी आबांनी भजनांचा वॉकमन आणला. टेप आत ओढली जाऊन तिचा चुरगळा होत होता. नानांनी चिमट्याने आतल्या रबरी रोलरवरून एक पांढरं सूत ओढून काढलं आणि आबांसमोर धरलं. "टेप घासते ते हेड कशानं पुसलं?"

"कापूसघाई," आबा म्हणाले, आणि अभिमानाने पुढे, "घरना कापूस शे नाना, बजारना नही!"

"घरना कापूस घरनी वातले," नाना म्हणाले. "बाजाले नही." मग माझ्याकडे वळून मराठीत, "शेतातल्या कापसाचं सूत सुटतं. एक सूत रोलरला गुंडाळलं की ते टेपला ओढून घेतं. जुनं, शंभर वेळा धुतलेलं धोतर घ्यावं. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्याला हे पटत नाही. त्याला वाटतं आपला तो चांगला."

दुसऱ्या वर्षी नानांचे कान झपाट्याने गेले. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. नानांनी ते पहिल्याच दिवशी ताटात ठेवून उघडलं. मुलगा फोनवर इतका ओरडला की तेवढं त्यांना मशीनशिवाय ऐकू आलं. पण मशीन लावूनही शब्द कळत नव्हते. "ताटात खिळे सांडल्यासारखं येतं," ते म्हणायचे. समोर बसून, ओठ दाखवून, मोठ्याने बोललं तर समजायचं. माझं बोलणं त्यांना कधीच ऐकू येईना, कारण मी मोठ्याने बोलतच नव्हते. मी मान हलवायचे, बोट दाखवायचे. आमचं चालून जायचं.

दिवाळीनंतर मुलाने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. महिनाभर हातात होता. त्या रविवारी सगळे गेल्यावर नानांनी आतून एक वॉकमन आणि एक कॅसेट आणून ताटात ठेवली. कॅसेटवर त्यांच्या अक्षरात 'टेस्ट' लिहिलं होतं.

"कोणाचाही रेकॉर्डर नीट झाला की मी हिच्यावर बोलून बघायचो," ते म्हणाले. "एकदा बटण चालूच राहिलं आणि अक्का येऊन काहीतरी बोलून गेली. तिचा आवाज एवढाच आहे माझ्याकडे. ती गेली तेव्हा टेप तिच्या आवाजापाशी आणून ठेवली, पण लावायचा धीर झाला नाही. काय म्हणाली तेही आता आठवत नाही. ऊन खाऊन आतल्या बेल्टचं डांबर झालंय. माझे हात कापतात." त्यांनी हात पुढे करून दाखवले. "कान थोडे शिल्लक आहेत तोवर एकदा ऐकायचंय. तू करशील?"

ज्याचा बाजा त्याने उघडायचा, हा नियम मोडताना मी त्यांना एवढ्या एकाच वेळी पाहिलं.

माझी परीक्षा चालू होती, म्हणून वॉकमन मी घरी नेला. वितळलेला बेल्ट स्पिरिटने खरवडून काढला, नवा बसवला. हेड पुसायला कापड शोधत होते, तेवढ्यात आईने देवघरातून कापसाचा बोळा दिला. मामाच्या शेतातला, सरकी काढलेला, दुधासारखा पांढरा. मला नानांचं बोलणं आठवत होतं. पण ते आबांच्या कापसाबद्दल होतं, असं मला वाटलं. मातीच्या हातांनी तोडलेला वगैरे. माझा स्वच्छ होता.

कॅसेट घातली, बटण दाबलं. खर्रर्र आवाज आला आणि टेप आत गेली ती बाहेर आलीच नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते मला लिहिता येणार नाही. नानांनी ओट्यावरून हातानेच 'कुठवर आलं?' असं विचारलं की मी 'होतंय' अशी मान हलवायचे. रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि वॉकमन ताटात ठेवला. टेपचा चुरगळलेला फास बाहेर लोंबत होता. नानांनी वॉकमन जवळ ओढला. मग चिमट्याने रोलरवरचं सूत काढलं आणि उन्हात धरलं.

"कापूस कुठला?"

"मामाकडचा," मी म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. "मामाकडचा," मी पुन्हा म्हणाले, तितक्याच हळू. तिसऱ्यांदा त्यांनी माझे ओठ वाचले.

"घरना!" नाना ओरडले आणि खोकला येईपर्यंत हसले. "आबाला सांगू नकोस. तो गावभर करेल." मग हसणं थांबलं. "टेप किती गेली?"

मी दोन बोटं आडवी धरून दाखवली.

"दोन बोटांत एक शब्द जातो," ते म्हणाले. फास त्यांच्या तळहातावर होता. "जाऊ दे. तिच्याकडे शब्दांना तोटा नव्हता."

चुरगळलेला तुकडा मी ब्लेडने तिरका कापला, टोकाला टोक भिडवलं. "पट्टी पाठीला लाव, तोंडाला नको," नाना सांगत होते. "हेडला टेपचं तोंड लागतं." जोड हलू नये म्हणून मी श्वास रोखला होता. त्यांनीही.

तोवर महिन्याचा शेवटचा रविवार आला होता. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन येणार होता. ओट्यावर मी आणि नाना दोघंच होतो. त्यांनी हेडफोन घातले, मीच बटण दाबलं. चाक सरळ फिरू लागलं. नाना डोळे मिटून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावर आठी आली, तशीच राहिली. त्यांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला. टेप मागे घेतली, पुन्हा लावली. मग हेडफोन काढले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक वॉकमनवर टेकवलं आणि दांडा कानामागे लावला.

"मोटर छान फिरतेय," ते म्हणाले. "काम चांगलं केलंस."

थोड्या वेळाने म्हणाले, "विहिरीतून आल्यासारखं येतंय. तीच आहे ना? तू ऐक बरं."

मी ऐकलं. आधी फक्त खरखर, दूरवर सायकलची घंटा. मग पावलं, भांड्याचा आवाज, आणि एका बाईचा खणखणीत, वैतागलेला, हसू दाबलेला आवाज. वाक्य छोटं होतं. मधे माझ्या जोडावर एक 'टक्' व्हायचं आणि तिथला एक शब्द नव्हता. मी टेप तीनदा मागे घेतली. तो शब्द येणार नव्हता. पण उघड्या दारातून मला स्वयंपाकघरातली फळी दिसत होती, आणि फळीवर पिशवीतला मिक्सर.

"काय म्हणते?" नानांनी विचारलं.

"त्या विचारतायत की सगळ्या गावाचं करता, मग तुम्ही केव्हा..." मी सुरुवात केली, माझ्या नेहमीच्या आवाजात, शाळेतल्यासारख्या मराठीत.

"अं?"

त्यांनी कान पुढे केला होता. माझं ते भाषांतर त्यांना ऐकू आलं असतं तरी त्याचा काय उपयोग होता? अक्का अशा कुठे बोलल्या होत्या! मी इअरफोन काढून ताटात ठेवले. सरकून त्यांच्या अगदी समोर बसले, ओठ दिसतील अशी. गल्लीत दोघी-तिघी भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. त्यांनी वळून बघितलं असेल. मी बघितलं नाही. पोटातून श्वास घेतला आणि ओरडले,

"आयकतस का? बठ्ठा गावना बाजा नीट करतस, मना मिक्सर कव्हय करशात?"