मिंकेचा पुसलेला चमचा

बोल्स्वर्ड गावच्या शाळेत आम्ही तिघं एका रांगेत बसायचो: मी, गॉसे हाइत्स्मा आणि पलीकडे रिक्स्ट. रिक्स्ट डावखुरी. मास्तर तिच्या डाव्या हातावर पट्टी ओढायचे, म्हणून ती लिहायची तेवढं उजव्याने. विणणं, बटाटे सोलणं, जेवणं सगळं डाव्याने. चौदाव्या वर्षी गॉसे चांदीकामाच्या कारखान्यात लागला आणि मी पुढे कॉलेजात गेले. त्याने रिक्स्टशी लग्न केलं. मी पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आणि लग्न कोणाशीच केलं नाही. “कॉलेजवाली” म्हणून तो मला मरेपर्यंत चिडवत राहिला.

कारखाना बंद पडल्यावर गुरांच्या बाजारामागच्या लिलावगृहाने त्याला ठेवून घेतलं. काम एकच. ज्या चांदीच्या भांड्यांवर घडवणाऱ्याचा आणि कसाचा शिक्का नाही ती ओळखायची. शिक्का असला की पुस्तक उघडून कोणीही सांगतं. नसला की गॉसेला बोलवायचं. कसोटीचा दगड आणि तेजाब त्याच्याकडे होतं, तेजाब मीच करून द्यायचे, पण ते तो अगदी शेवटी काढायचा. आधी वस्तू तळहातावर तोलायची. मग भिंगाखाली हातोडीचे घाव बघायचे. मग तोंडाजवळ नेऊन तिच्यावर श्वास सोडायचा. घासून काढलेलं नाव श्वासाच्या वाफेत क्षणभर वर येतं आणि जातं. मला हे आधी थोतांड वाटलं होतं. त्याने दाखवलं, तेव्हा मानलं.

चमच्याची तर तो कडही वाचायचा. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा चमचा ताटलीला घासून घासून टोकाच्या डाव्या बाजूला झिजतो, डावखुऱ्याचा उजव्या बाजूला.

“शंभर वर्षांपूर्वी मेलेली बाई कुठल्या हाताने जेवायची ते मी सांगतो,” तो म्हणायचा. “तुला तुझ्या वर्गात कोण कॉपी करतंय ते कळत नाही.”

चमच्यांची पेटी आली की तो एकेक चमचा उलटून बघायचा. वरच्या चमच्यांवर शिक्के ढळढळीत दिसत असले तरी तळापर्यंत बघायचाच. मालक वैतागायचा. गॉसे काय शोधतोय ते मालकाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्यांना एकच मूल झालं, मिंके, सत्तेचाळीस साली. मूल जन्मलं की आमच्याकडे त्याच्या नावाचा आणि जन्मतारखेचा चांदीचा चमचा करतात आणि भिंतीवरच्या फळीत लावतात. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या चांदीचा गॉसेने तो स्वतः घडवला. विकायचा नव्हता, म्हणून शिक्का मारायला नेलाच नाही. मिंके तीन वर्षांची असताना घरामागच्या कालव्यात पडली. दुपारची वेळ, रिक्स्ट कपडे वाळत घालत होती. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं ही इथली जुनी रीत. कबरस्तानात जाऊन बघा, एकाच घरातल्या तीन तीन मिंके सापडतील. सगळे तेच बोलत होते, पाद्री, गॉसेची आई, शेजारणी: दुसरी मिंके होईल. गॉसेला ते पटलं. चमच्यावर नाव आणि तारीख एकाच ओळीत कोरलेली. तारीख बदलायची तर सगळी ओळ नव्याने बसवायला हवी. त्या हिवाळ्यात त्याने नावासकट ती घासून काढली, जिलई दिली आणि कोरा चमचा फळीत परत लावला. रिक्स्टला विचारलं नाही. तिला बरं वाटेल असंच त्याच्या मनात होतं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते.

रिक्स्टने चमचा पाहिला आणि म्हणाली, “आता हा कोणाचाच नाही.”

दुसऱ्या दिवशी चमचा फळीत नव्हता. दुसरी मिंकेही झाली नाही. तिने तो कालव्यात टाकला असं गॉसेने धरून चाललं. विचारलं मात्र कधी नाही. तेहतीस वर्षं एका छताखाली काढली, एकमेकांना कॉफी ओतून दिली, आणि हा प्रश्न नाही. मला असल्या अबोल्याची चीड येते. मी एकदा त्याला म्हटलं, विचार की बाबा. तो म्हणाला, तुझं लग्न झालं असतं तर असं बोलली नसतीस. त्र्याऐंशीत रिक्स्ट गेली. मग कोणाला विचारणार? तो पेट्या उपसत राहिला, कारण टाकलेल्या वस्तूही कधीतरी कोणाच्या तरी हाती लागतात.

शहाऐंशीच्या वसंतात मी तेजाबाची बाटली घेऊन गेले, तेव्हा त्याच्यापुढे एक खोका होता. त्यात स्टीलचे काटे, डाव, मुलामा उडालेले चमचे. त्यातला एक त्याने तळहातावर तोलला. श्वास सोडला. परत सोडला. मग माझ्यापुढे धरून म्हणाला, “तू बघ. माझे डोळे म्हातारे झालेत.”

मी फुंकर घातली. वाफेत नाव उमटलं: मिंके. आणि मागोमाग तारीख.

मला वाटलं तो रडेल. तो भिंग लावून कड बघत बसला.

“उजवीकडे झिजलाय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तीन वर्षांच्या पोरीच्या हातून चांदी झिजत नाही. ही वीस-पंचवीस वर्षांची झीज आहे. रोजची.”

मी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. गावाबाहेरचा वृद्धाश्रम बंद झाला होता, त्याच्या स्वयंपाकघरातलं सामान. तिथे रिक्स्ट सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती आणि दुपारचं जेवण तिथेच जेवायची. मी ते वाचून दाखवलं नाही. त्याने आधीच वाचलं होतं.

“घरी मात्र स्टीलचा घ्यायची,” तो म्हणाला.

पारख करणाऱ्याने बोली लावायची नाही, हा लिलावगृहाचा नियम. त्याने शिरस्त्याप्रमाणे कार्ड लिहिलं: चमचा, चांदी, शिक्का नाही, नाव पुसलेलं, वापरणारी डावखुरी. बोली मी लावली. हात वर करणारं दुसरं कोणीच नव्हतं.

संध्याकाळी चमचा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हत्यारं घरातच आहेत, नाव परत कोर.

“एकदा तिला न विचारता हात लावला,” तो म्हणाला. “आता विचारायला ती नाही.”

मग त्याने ताकातली जवाची पेज वाढून घेतली. उजव्या हातात चमचा उलटाच बसत होता; झिजलेली कड ताटलीला लागेना. त्याने तो डाव्या हातात घेतला. पहिला घास बंडीवर सांडला, दुसरा टेबलावर. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. फडकं आणायला उठले.

पुढचे दोन हिवाळे तो डाव्याच हाताने जेवला. सांडायचं काही थांबलं नाही.