कडक हात

माझा हात भाकरी गोल थापतो, सुईत दोरा ओवतो, नातीची वेणी घालतो. पण बांगडी घेऊन कुणाच्या मनगटाकडे निघाला, की उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आपोआप आत वळतं आणि तिथंच आवळून बसतं. किती दटावलं तरी ऐकत नाही. आता हे सांगायचं तरी कुणाला? आम्ही मणेर, बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. अम्माच्या मांडीशी बसून मी तो शिकले. कोल्हापुरात माझं दुकान आहे, लग्नघरातनं चुडा भरायला मला आवर्जून बोलावणं येतं. आणि आम्हीच म्हणायचं की बांगडी भरता येत नाही? लाजेनं मान वर होत नव्हती माझी.

आधी वाटलं, शीर आखडली असेल. तेल चोळलं, शेक घेतला, ताईत बांधला. सून म्हणाली, "अम्मी, भाकरी थापताना तर काय होत न्हाय की!" ती बिचारी सहज बोलली, पण मला झोंबलंच. नाटक करते असं वाटत असणार हिला, म्हणून मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझ्याकडनं सही करून घेतली, बटणं लावून घेतली, हात घट्ट दाबायला लावला. सगळं ठीक. मग पिशवीतली बांगडी काढायला सांगितली आणि स्वतःचाच हात पुढं केला. बोट लगेच वळलं. त्या म्हणाल्या, "मावशी, हातात काही दोष नाही. हाताला हुकूम मेंदूकडून जातो, तिथं गडबड आहे." प्रत्येक बोटाची मेंदूत आपली आपली जागा असते म्हणे. जन्मभर एकच बारीक काम केलं की एखाद्याच्या बाबतीत शेजारशेजारच्या जागा एकमेकींत मिसळतात, शेताचा बांध फुटून इकडचं पाणी तिकडं जावं तसं. अंगठ्याला सांगायला जावं तर शेजारचं बोटही उठतं. भाकरीचा हुकूम वेगळा, म्हणून भाकरी शाबूत.

वा रे डोकं! ज्या कामावर पोरं वाढवली, तेच काम तेवढं हेरून बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनानं थोडा आराम पडेल, पण हे काम कमी करा. कधी कधी त्या बोटाला नुसता हलका स्पर्श केला तरी ते सैल पडतं, असंही सांगितलं. मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन कुणालाच काही बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात कोडोलीचं लग्नघर होतं.

अंगणात सतरंजी टाकली होती. नवरीला पाटावर बसवलं, मी समोर पेटी उघडली. मुलाकडच्या बायकाही आल्या होत्या. नवरीनंतर त्यांनाही भरायच्या होत्या, म्हणून सगळ्या कोंडाळं करून बसल्या. हिरवा चुडा भरायचा म्हणजे पोरीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं दाबत दाबत हात लहान करायचा आणि काच हळूच पुढं सरकवायची. केवढा जोर लावायचा हे मी कधी ठरवलं नव्हतं. ते हातच ठरवायचा.

पहिली बांगडी हाडापर्यंत गेली आणि माझं बोट वळलं. कट् आवाज झाला. फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, पण नाव बदललं म्हणून भीती थोडीच जाते? नवरीची आई पांढरीफटक पडली. दुसरी घेतली, तीही वाढवली. पोरीच्या हातावर रक्ताचा थेंब आला. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरी, हात सैल सोड की! किती आवळतीस? लई कडक हात हाय बाई हिचा!"

बांगडीवालीचं वाक्यच आहे हे, दिवसातनं दहादा म्हणतो आम्ही. पण मुलाची आत्या लगेच म्हणाली, "हात कडक म्हंजे स्वभाव कडक. आमच्या पोराचं काय खरं न्हाय!" बायका हसल्या. नवरीची आई हसली नाही. लेक सासरी जायच्या आधीच तिच्यावर शिक्का बसला होता, आणि तो मारला होता मी.

पोरीचा हात तर माझ्या हातात रुमालासारखा पडला होता, इतका सैल. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मग तिनं दुसरा हात पुढं केला आणि दोन बोटांनी माझं ते वळलेलं बोट हलकेच धरलं. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी घाबरलीय, आधार घेतीय. बोट खरंच सैल पडलं. ती धरून राहिली आणि मी एकेक बांगडी चढवत गेले. नंतर एकही वाढवली नाही. पण माझी नजर काही वर जाईना.

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्या बाईला नमस्कार करायची रीत आहे. पोरगी वाकली आणि तिनं माझ्या हातांवर कपाळ टेकवलं. या अल्ला, वाटलं धरणीनं पोटात घ्यावं!

"हिचा हात लोण्यासारखा हाय," मी मोठ्यानं म्हटलं. "कडक माझा हाय. माझ्या डोक्यातच बिघाड झालाय, बोट ऐकत न्हाय. बांगड्या मीच वाढवल्या."

नवरीच्या आईनं पदरानं डोळे पुसले. मुलाची आत्या पाटावर येऊन बसली होती, तिनं हात पुढं केलेला होता. तो तिनं हळूच मागं घेतला आणि पदराखाली ठेवला. "ऱ्हाऊ दे मावशी," ती म्हणाली, "आम्ही आमच्याकडंच भरून घेतो." तिच्या मागच्या बायकाही उठल्या.

मी पेटी आवरायला घेतली. आणि कशाला खोटं बोलू, आवरता आवरता मनात आलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.