एप्रनवरचे डाग पाहनारी आपा

त्या दिवशी सकाळी मी आपाले माह्या पोरीच्या, पूनमच्या, कॉलेजच्या फॉर्मचा कागद दाखवाले चालली होती. दारासमोर चपलांचा ढीग दिसला, मले वाटलं कॉलेजच्या पोट्ट्या आल्या असतीन माप द्याले, ॲडमिशनच्या दिवसांत तिच्याकडे गर्दी राह्यतेच... मंग मानसाइच्या चपला बी दिसल्या अन् आतून रडनं आयकू आलं. रजियाआपा फजरच्या नमाजाले उठली, छातीत दुखते म्हनली अन् बसल्या जागी गेली. मी तो कागद पदराखाली लपवला. मयतीच्या घरी आपन आपलंच काम घेऊन आलो, याची लाज वाटली. दीड महिना झाला आता. हे मी लिहून राह्यली कारन आपाचं दुसरं कोनी लिहिनार नाही.

आपा अकोल्यात आमच्या मागच्या गल्लीत राहे, कॉलेजच्या पोरीइचे एप्रन शिवे. मी आठवी शिकलेली, सतराव्या वर्षी लगीन, अठराव्याले पूनम. तिले बारावीत बावन टक्के पडले तं मले वाटलं संपलं, हिचं बी आता माह्यासारखंच होते, पाहुने येतीन, पोहे खातीन अन् घेऊन जातीन. तिले डी फार्मसी कराची होती, दवाइचं दुकान टाकाचं होतं. बावन टक्क्याले कोनतं कॉलेज भेटते म्हनून मी ज्याले त्याले इचारू अन् लोक हासत. आपा नाही हासली. मशीन थांबवून म्हने, "बावन म्हंजे आध्याच्या वरच हाय ना वं? रडून काहून राह्यली मंग?"

तिले कॉलेजं एप्रनवरून समजत. पोट्ट्या जुने एप्रन उसवाले-शिवाले आनत, खिशावर कॉलेजचं नाव राहे. दोन एप्रन माह्यापुढं टाकून म्हने, "हे पाय, बाहीले आयोडीनचे डाग, इथं ॲसिडनं भोक पडलं. म्हंजे पोट्टी हातानं काम करते. अन् हे पाय, दोन साल झाले, नव्या नवरीवानी कोरं! इथं प्रॅक्टिकल होतच नाही." मोठ्या नावाचं कॉलेज आपल्याले भेटत नाही हे तिनंच मले समजावलं, उरल्यासुरल्यातलं खरं कोनतं अन् खोटं कोनतं तेवढंच आपल्या हाती.

एक दिवस आमी तिघी एसटीनं अमरावतीले गेलो. पयलं कॉलेज असं चकचकीत का काचात तोंड दिसे. तिथल्या सरनं चहा पाजला अन् म्हने, "ताई, हजेरीचं टेन्शनच घेऊ नका, परीक्षेपुरतं आलं तरी चालते." मले तं देवच भेटला, रोजचं जानं-येनं वाचलं... बाहेर आल्यावर आपानं माह्या पाठीत धपाटा घातला. "पगली! जो येऊच नोको म्हन्ते तो शिकवन काय?" पूनम खदखदा हासली, लय दिवसानं हासली. मंग वलगावच्या रस्त्यानं एक लहानसं, टिनाचं कॉलेज पाह्यलं. पोट्ट्याइचे एप्रन पिवळे, जांभळे, जळलेले. आपानं एकीची बाही धरून वास घेतला अन् मले म्हने, "फॉर्मात हे लिव पयलं."

फॉर्म भरतानी मोबाईल नंबर लागे, त्याच्यावर ओटीपी येते. आमच्या घरी एकच फोन, तो ह्यांच्यासंग दालमिलमधी राह्यते. आपानं आपला फोन पुढं केला, "माहा टाक. मी कुठं जातो?" फॉर्म भरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपा गेली.

कॉलेजात नंबर लागला का तिच्याच फोनवर मेसेज येनार होता, तीन दिवसांत कॉलेजात कागदं द्याचे होते. मले ठाऊक होतं. फॉर्म भरून देनारा ऑनलाइनवाला म्हने, नुसतं पाहाले बी ओटीपी लागते. पूनम रोज म्हने, "आई, जाय ना, फोन पाहून ये." मी म्हनू, आज तिसऱ्या दिवसाचा तिजा हाय, आज पाहुने हाय, आज कुरान पढून राह्यले, कोन्या तोंडानं फोन मागू... भेव वाटे मले, ते लोक म्हनतीन हिले आपा नाही, फोन पायजे. दहाव्या दिवशी गेली. फोन कपाटात, बंद. आपाचे मालक यूसुफभाई, त्याहीनं चार्जिंगले लावला. चालू झाल्याबरोबर मेसेजवर मेसेज आले. पूनमनं वाचले. तेच कॉलेज लागलं होतं, टिनाचं. मुदत परवाच संपली होती.

दुसऱ्या दिवशी धावत अमरावतीले गेलो. मॅडम चांगल्या होत्या, पानी देलं, पन जागा दुसऱ्या पोरीले गेली म्हने. पुढच्या फेरीत आमच्यासाठी काही उरलं नाही. आता फक्त त्या काचेवाल्या सरचा फोन येते, अन् हे म्हनतात, घाल तिथंच, नाही तं पाहुने बलावू. पूनमनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं...

यूसुफभाइले वाचता येत नाही. पन त्याहीनं तवापासून आपाचा फोन बंद होऊ देला नाही. टिंग वाजलं का दोन्ही हातात धरून आमच्या दारात येऊन उभे राह्यतात. "बेटी, देखो तो, कॉलेज का आया क्या?"

पूनम फोन घेते, पुरं वाचते.

"नाही चाचा. रिचार्ज संपून राह्यलं."

अन् ते तसेच चौकात जातात, रिचार्ज माराले.