हाय म्हणजे मी आहे

आमच्या संघाचं नाव 'ऑल स्टार' ठेवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या ज्या बायकांना घरून सुट्टी मिळते, ज्यांचे गुडघे अजून वळतात आणि ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे, त्यांना तारे म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण नाव व्हॉलीबॉल संघटनेच्या अध्यक्षसाहेबांनी ठेवलं होतं आणि संघ जमायच्या आधीच फ्लेक्स छापून झाला होता. फ्लेक्सवर साहेब हात जोडून, त्यांच्या मागे त्यांचे दोन मुलगे, आणि तळाशी एसटीची वाट बघत उभ्या असाव्यात तशा आम्ही. वर लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धेतील यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'. स्पर्धेला अजून महिना-दीड महिना अवकाश होता.

मी रहिमतपूरची. शाळेत खेळ शिकवते आणि संघात लिफ्टर आहे. ज्यांना व्हॉलीबॉल फक्त चॅनेल बदलताना दिसतो त्यांच्यासाठी सांगते, लिफ्टर म्हणजे जी स्वतः काहीच करत नाही ती. मागून आलेला बॉल अलगद उचलून दुसरीला द्यायचा, तिने तो फोडायचा, टाळ्या तिला. बॉल वाया गेला की मात्र सगळ्या मैदानाला लिफ्टर आठवते. दोन मुलांची आई असल्यामुळे मला या व्यवस्थेची सवय होती.

माझा बॉल फोडणारी होती कोयनानगरची. धरणाच्या वसाहतीत वाढलेली, विशीतली, वडील पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. ती जिथे शिकली ते मैदान घाटरस्त्याच्या कडेला. बॉल बाहेर गेला की तो खालच्या वळणावर जाऊन थांबायचा आणि ज्याने मारला त्यानेच तो आणायचा. त्यामुळे ही पोरगी बॉल आतच मारायला शिकली. खेळताना भूकंपाचा धक्का बसला तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा, असाही तिथला नियम असल्याचं तिने आमच्या कोचना चेहरा जराही न हलवता सांगितलं. कोचनी तो टॅबमध्ये टिपून घेतला.

हे कोच पुण्याहून आणलेले. माणूस सरळ होता, मेहनती होता, फक्त शिट्टीपेक्षा टॅबवर भरवसा जास्त. त्यांनीच शिबिरात बातमी दिली, की स्पर्धेला युरोपातल्या एका क्लबची ट्रेनरबाई येणार आहे आणि तिला पूर्ण हंगामासाठी मधून मारणारी एक मुलगी हवी आहे. क्लबचं नाव आमच्यापैकी एकीलाही एका दमात घेता आलं नाही. कोयनानगरचीने मात्र ते पाठ केलं. त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

"अक्का, मला रोज खेळायचंय," ती मला म्हणाली. "वर्साला चार मॅचा खेळून मी काय करू? घरी पोरं बी आता माझ्यासंगं खेळत न्हाईत. हरल्यावर त्यांस्नी लाज वाटती."

मी म्हटलं, मग जिंकू दे की त्यांना एखादी. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चोरी करायला सांगितली.

आता त्या शब्दाकडे येते, ज्याने आमची शोभा केली. शिबिरात कोचनी प्रत्येक बॉलला एक इंग्रजी शब्द ठरवून दिला. कम्युनिकेशन पाहिजे म्हणाले. डाव्या टोकाला जो उंच बॉल द्यायचा, त्याचा शब्द 'हाय'. इंग्रजीत हाय म्हणजे उंच, हे शाळा शिकलेल्या माणसाला मान्यच आहे. पण आमच्याकडे हाय म्हणजे आहे. मी हाय. मी इथं नेटपाशी आलेय, उडायला तयार आहे, दे मला. कोयनानगरची 'हाय' म्हणाली की मी तिच्याकडे न बघता नेटलगत वीतभर उंचीचा बॉल सोडायची आणि तो खाली यायच्या आत ती त्याचा निकाल लावायची. म्हणजे आमच्या संघात सगळ्यात उंच बॉलचा आणि सगळ्यात बुटक्या बॉलचा शब्द एकच झाला. पुण्यातही मराठी बोलतात असं मी ऐकून आहे, तरी कोचच्या हे लक्षात आलं नाही. आमच्याही आलं नाही, कारण शिबिरात उद्घाटन, सत्कार, साहेबांचं मार्गदर्शन आणि समारोप यांतून सरावाला फार वेळ उरला नव्हता.

ते लक्षात आलं थायलंडात, परदेशी पंचांसमोर.

पहिली मॅच तिथल्याच एका क्लबशी होती. आमच्या मागच्या खेळाडूने बॉल माझ्याकडे छान काढून दिला. बाकावरून कोच ओरडले, "हाय! हाय!" मला वाटलं, तुम्ही आहात ते दिसतंय, जाणार कुठे. तेवढ्यात शेजारून कोयनानगरची म्हणाली, "हाय!" आणि त्याच क्षणी मला कोचचा शब्द आठवला. मी बॉल डावीकडे उंच दिला. कोयनानगरचीने मधे उडी मारली आणि मोकळ्या हवेला एक सणसणीत स्मॅश हाणला. डावीकडची सांगलीची मुलगी तो स्मॅश कौतुकाने बघत उभी राहिली. बॉल तिच्या पायाशी पडला.

हेच पुन्हा झालं, आणि पुन्हा. नेटपलीकडच्या मुली आधी गोंधळल्या. मग त्यांना वाटलं आम्ही नमस्कार-चमत्कार करतोय. एकीने हात हलवून "हाय" असं उत्तर दिलं. दुसऱ्या सेटपर्यंत त्या सगळ्याच, आमचा आवाज आला की हसून हाय म्हणू लागल्या. धूळ चारणाऱ्याला दर पॉइंटला रामराम घालणारा इतका सुसंस्कृत संघ त्यांनी आजवर पाहिला नसणार.

संध्याकाळी कोचनी निदान केलं, की कोर्टावर गावठी बोलणं बंद झालं पाहिजे. दुसऱ्या मॅचला फक्त ठरलेले शब्द बोलायचे. आम्ही इतक्या धास्तावलो की कुणी काहीच बोललं नाही. शोकसभेला आल्यासारख्या खेळलो आणि पहिल्या मॅचपेक्षा लवकर हरलो. कोच म्हणाले, गोंधळ तरी कमी झाला. गोंधळ खरंच कमी झाला होता, कारण मधेच त्यांनी कोयनानगरचीला बाहेर बसवलं होतं.

आणि नेमकी त्याच वेळी ती ट्रेनरबाई वर प्रेक्षकांत येऊन बसली होती. आखूड पांढरे केस, गळ्यात चष्मा. तिने थोडा वेळ पाहिलं. जिला बघायला आली ती टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर. बाई उठून शेजारच्या कोर्टाकडे निघून गेली. कोयनानगरचीने टॉवेलखालून ते पाहिलं, मलाही दिसलं. आता एकच मॅच उरली होती.

सकाळी हॉटेलात बाकीच्या जणी तिथला भात चिवडत होत्या. आम्ही दोघी खोलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलो. ही शिदोरी सांगलीच्याच दुसऱ्या एका, जैन मुलीने आणली होती. आमची बचावपटू ती. परदेशात आपल्याला काय खायला घालतील याचा तिने घरूनच बंदोबस्त करून ठेवला होता, आणि त्या बंदोबस्तावर निम्मा संघ जगत होता.

"अक्का, आज मला बॉल दे," कोयनानगरची म्हणाली.

"सर म्हणतात उंच खेळायचं."

"उंच बॉल समद्याच मारत्यात. मग मी कशाला पायजे?"

मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मी आज नीट बॉल दिले तर ही जाईल, आणि माझा बॉल असा मारणारी मला या दोन जिल्ह्यांत दुसरी मिळणार नाही. मी काही संत नव्हे. तरी मी उठले आणि कोचच्या खोलीचं दार वाजवलं.

"सर," मी म्हटलं, "हाय हा शब्द आम्हाला परत द्या."

कोचनी टॅब बाजूला ठेवला, हे पहिल्यांदाच. मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "मग उंच बॉलला काय म्हणायचं?"

माझ्या मागे दारात आमची जैन बचावपटू हातात चटणीची बरणी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, वर म्हणा की."

कोचनी विचार केला आणि टॅब उचलून त्यात 'वर' असं टाईप केलं. क्रीडाविज्ञानात अशी भर पडली.

शेवटची मॅच व्हिएतनामच्या क्लबशी होती. प्रेक्षकांतली बाईची खुर्ची रिकामी होती. आम्ही पहिला सेट घालवला, पण भांडून घालवला. शब्द जाग्यावर आले होते. "वर" म्हटलं की बॉल डावीकडे जात होता, "हाय" म्हटलं की मधे. कोच बाकावरून सवयीने अजूनही "हाय, हाय" ओरडत होते, पण त्याचा अर्थ आता आम्ही आमच्या भाषेत घेत होतो. सर आहेत. बरं.

दुसऱ्या सेटमधे बाई दिसली. कॉफी घेऊन जिन्यात उभी, बसायचं की नाही ते ठरत नसावं. लिफ्टरने सगळे बॉल एकाच खेळाडूला द्यायचे नसतात, हे मी शाळेत पोरींना घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. त्या दिवशी मी ते विसरले म्हणायलाही जागा नाही. मी जाणूनबुजून दिले. डावीकडची सांगलीची मोकळी उभी राहून माझ्याकडे डोळे वटारत होती. मी एकामागून एक बॉल कोयनानगरचीला देत राहिले आणि ती मारत राहिली.

पलीकडच्यांनाही डोळे होते. त्यांच्या दोन उंच मुली तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पुढचा बॉल त्यांनी सरळ तिच्या तोंडावर परत घातला. ती नाक धरून खाली बसली. जिन्यातली बाई हलली नाही. मी वाकून विचारलं, आता डावीकडे देऊ का? तिने मानेनेच नाही म्हटलं. पुढची सर्व्हिस आली, बॉल माझ्या हातात यायला लागला आणि शेजारून तोच आवाज आला. "हाय." त्यात शंका म्हणून नव्हती. मी नेहमीपेक्षाही लवकर सोडला. त्या दोघी अजून जमिनीवर होत्या तेव्हा बॉल त्यांच्यामागे पडून उसळला होता. पलीकडच्या एका मुलीने आपल्यालाच म्हटलं समजून तिकडून हाय केलं होतं, ती हात तसाच वर ठेवून मागे बघत राहिली.

बाई खाली बसली. कॉफीचा कप तिने पायाशी ठेवला आणि मॅच संपेपर्यंत त्याला हात लावला नाही. आम्ही ती मॅच जिंकलो. त्या स्पर्धेतली तेवढीच.

नंतर बाई खाली आली आणि कोचच्या इंग्रजीला प्रथमच खरं काम लागलं. तिला हीच मुलगी हवी होती. पूर्ण हंगाम, राहणं-जेवण क्लबचं, सराव रोज दोन वेळा. 'रोज' हा शब्द कोचनी मराठीत सांगितला तेव्हा कोयनानगरचीने माझा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. मग तिने घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण सगळा संघ भोवती गोळा झाला होता आणि कुणी हटायला तयार नव्हतं.

"आबा, एका क्लबानं मला बोलावलंय. युरोपात. हंगामभर ऱ्हावं लागंल." तिचा आवाज बारीक झाला होता. "जाऊ का?"

"मी पलटनीत गेलो तवा कुनाला इचारलं हुतं?" सुभेदार म्हणाले. "तू कशापायी इचारतीस?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. ती तिथेच कोर्टावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता हमसून रडली. डावीकडच्या ज्या सांगलीच्या मुलीला मी दुसऱ्या सेटपासून एक बॉल दिला नव्हता, तीच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

परतीच्या विमानात कोच आपली जागा सोडून कोयनानगरचीच्या शेजारी जाऊन बसले आणि टॅब उघडून तिला सगळे इंग्रजी शब्द पहिल्यापासून शिकवले. तिकडे लागतील म्हणाले. या एका बाबतीत त्यांचं पूर्ण बरोबर होतं. गावी साहेबांनी सत्कार केला, भाषणात तिचा उल्लेख 'आमची सांगलीची कन्या' असा केला, आणि साताऱ्याच्या सगळ्याजणी नारळ हातात घेऊन नाराज झाल्या.

पुढे महिन्याभरात ती निघाली. मी पुण्याच्या विमानतळावर गेले होते. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभे होते. ती आमच्या दोघांच्या पाया पडली, बॅग ओढत दारातून आत गेली, आणि काचेपलीकडे दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो. तिच्यासाठी मला आनंद होत होता आणि स्वतःसाठी वाईट वाटत होतं. दोन्ही एकदम.

"बाई," सुभेदार म्हणाले, "आता तुमचा बॉल मारनार कोन?"

ट्रॉल्या ढकलणाऱ्या लोकांच्या वाटेत उभी राहून मी रडायला लागले, आणि सुभेदार माझ्या आणि त्या गर्दीच्या मधे येऊन, पाठ माझ्याकडे करून, माझं होईपर्यंत उभे राहिले.