सावलीत ठेवलेली बेडणी

जयवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच झाडाखाली उभा होतो. ‘त्याच्याच’ हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. कोर्टाच्या निकालाप्रमाणे झाई गावातला विहिरीसकटचा तो चिकूचा पट्टा माझा आहे. महिना होऊन गेला, पण मी अजून त्या फोनपाशीच अडकलोय…

जयवंत माझा शाळेपासूनचा मित्र. पट्टा त्याच्या वडिलांचा, मग त्याचा. नोकरीसाठी तो वापीला गेला आणि शेजारची वाडी आमची, म्हणून त्या झाडांना पाणी-खत आम्हीच घालत राहिलो, चिकूही आम्हीच उतरवायचो. कुणी कुणाला विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही. रविवारी तो स्कूटरवरून यायचा, खोडाला टेकवलेली आपली बेडणी घ्यायचा आणि घरापुरते चिकू काढायचा. बेडणी म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळी. त्याची जाळी त्याने स्वतः कोळ्यांच्या निळ्या दोरीने विणली होती. मी झाडाखाली आडवा दिसलो की म्हणायचा, “वश्या, माझ्या सावलीत झोपतोस, निदान घोरू तरी नको.”

मग त्याच्या मुलाने पट्टा कुणा रिसॉर्टवाल्याला दाखवल्याचं कानावर आलं. विहीर त्या पट्ट्यात. ती गेली की माझी सगळी वाडी वाळणार. मी जयवंतला विचारायला निघालो होतो, खरंच निघालो होतो, पण आधी डहाणूला वकिलाकडे गेलो. वकील म्हणाले, विचारू नका. बारा वर्षांहून जास्त काळ, उघडपणे, मालकाच्या विरोधात, त्याच्या परवानगीशिवाय जमीन तुमच्या ताब्यात आहे असं सिद्ध केलं तर मालकी मागता येते. विचारलंत, तर मालक तोच हे तुम्ही कबूल केलंत. म्हणजे इतक्या वर्षांची मैत्री कागदावर वैर म्हणून मांडायची होती. मी सही केली.

कोर्ट कमिशनर जागा पाहायला येणार होते त्या सकाळी मी जयवंतची बेडणी उचलून घराच्या माळ्यावर टाकली. तो येऊन फळ काढतो याची तेवढीच खूण होती. पुढे साक्षीत त्याने रविवारचं सांगितलं. मी शपथेवर नाही म्हणालो. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

‘जमीन मीच सांभाळायला दिली’ एवढं जयवंत म्हणाला असता तर माझा दावा तिथेच संपला असता. माझ्या वकिलाने त्याला विचारलं, यांना जमीन वापरायची परवानगी दिली होती का? तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही… काहीतरी विचित्रच ऐकल्यासारखा.

“परवानगी? वश्याला?” तो म्हणाला. “नाय. वश्याला कसली परवानगी द्यायची?”

त्यातलं ‘नाही’ तेवढं कागदावर आलं.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्यापाशी थांबला. मी शिवीची वाट पाहत होतो. “बेडणी सावलीत ठेव,” तो म्हणाला. “उन्हाने जाळी जाते.” मग स्कूटरला किक मारून निघून गेला. ते आमचं शेवटचं बोलणं. निकाल माझ्या बाजूने लागला, त्याने अपील केलं नाही.

तेराव्याला मी बेडणी घेऊन वापीला गेलो. ती मी कुठे आणि का लपवली होती ते वहिनींना सांगितलं. पट्टा परत देतो, हे मात्र तोंडातून निघेना. विहीर आड येत होती, आजही येते. वहिनींनी जाळीवरून हात फिरवला.

“त्यांनी परत मागितली होती का?”

“नाही.”

“मग मी कशी घेऊ, भावोजी?”

बांबू बसमध्ये घेईनात, म्हणून टेम्पोत मागे बसून ती तशीच परत आणली. या वेळी माळ्यावर टाकली नाही. होती त्या खोडालाच टेकवून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. तिथे दिवसभर सावली असते… जयवंतच्या झाडाची.