दत्तोपंतांचा कोलम

शेजाऱ्याच्या दाराशी कचरा टाकणाऱ्याची पूजा देवापर्यंत पोहोचते काय? तुम्हीच सांगा. तमिळ मुलखातल्या आवडी या गावातील आमच्या गल्लीत हा प्रश्न वारंवार उभा राहतो. महापालिकेने करावयाची कामे येथे आम्ही शेजारी मंडळ स्थापून करतो. आणि चार शेजारी फावडी घेऊन जमले की गाळाआधी किस्सेच साठतात.

कोपऱ्यावर अक्कांचे घर आहे. अक्का तंजावरकडच्या, घरात जुन्या वळणाची मराठी, दारात तमिळ. त्यांच्या दारासमोरच गटाराचे तोंड. ते तुंबले की ऑक्टोबरच्या पावसाचे पाणी थेट त्यांच्या देवघरात शिरते. म्हणून मंडळाचे पहिले काम गटार उपसण्याचे.

त्या सकाळी आम्ही गुडघाभर गाळात, आणि मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत, बँकेतील निवृत्त अधिकारी, काठावरून श्रमदानाचे महत्त्व सांगत होते. बराच वेळ ऐकून अक्का म्हणाल्या, "अध्यक्ष, खाली उतरून बोललात तरी ऐकू येईल."

दत्तोपंतांना तत्क्षणी कंबरेचे दुखणे आठवले.

* * *

मग दिव्याचे काम. खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद होता आणि आमच्या तक्रारी अनुत्तरित होत्या. शेवटी आम्ही स्वखर्चाने बल्ब लावला. त्यानंतर महापालिकेचा मनुष्य आला. त्याने वर पाहिले, प्रकाश पाहिला, आणि मोबाइलवर नोंद केली: तक्रारीचे निवारण झाले.

जाताना त्याने आमच्याकडून चहा घेतला.

* * *

कचऱ्यासाठी मंडळाने हातगाडी ठेवली. ती भल्या पहाटे येते. तरीही अक्कांच्या भिंतीशी, गटाराच्या तोंडावर, रोज एक पिशवी दिसू लागली. कोणी सुचविले, भिंतीवर देवांची चित्रे असलेल्या फरश्या बसवाव्यात, म्हणजे तेथे कोणी कचरा टाकणार नाही. मी विरोध केला. देवाला पहारेकरी नेमू नये. बहुमताने देव बसले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर बाहेर पडलो होतो. दत्तोपंत आले. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून देवांना नमस्कार केला, आणि मग पिशवी ठेवली.

पूजा आटोपेपर्यंत गाडी निघून जाते, हे त्यांचे कारण मला नंतर कळले. अध्यक्षांना बोलणार कोण? मी फक्त अक्कांना सांगितले, आणि आम्ही दोघांनी मिळून देव सन्मानाने उतरविले.

* * *

अक्कांनी ती जागा सारवली आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे इकडची ठिपक्यांची रांगोळी, काढला. या गावात कोलमावर कोणी कचरा टाकीत नाही. दत्तोपंतांनीही टाकला नाही. त्यांनी पिशवी कोलमाच्या हातभर पलीकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी कोलम हातभर वाढला. पिशवी आणखी सरकली. कोलमही सरकला. गल्लीला वाटले, अक्कांनी काही व्रत धरले आहे. बायका येऊन ठिपके मोजू लागल्या, दोघी तर पीठ घेऊन मदतीला बसल्या.

अखेर एका सकाळी दत्तोपंतांनी आपलेच फाटक उघडले, तो कोलम उंबऱ्यापासून थेट समोरच्या अक्कांच्या भिंतीपर्यंत! हातात पिशवी. पाऊल ठेवायला जागा नाही. आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लक्ष्मीवर पाय द्याल तर परत घरात येऊ नका."

दत्तोपंतांनी उडी मारली. कंबरेने साथ दिली. पिशवीने दिली नाही. ती कोलमाच्या मधोमध फुटली.

अक्कांनी पिठाची वाटी पुढे केली. "ज्यानं मोडला त्यानं काढायचा. आमची रीत आहे."

पाऊस आला आणि गेला. अक्कांचे देवघर कोरडे राहिले. दत्तोपंत आता गाडी येण्याआधी उठतात आणि गटाराच्या तोंडापाशी वाकून ठिपके मांडतात. अक्का शेजारी खुर्ची टाकून बसतात. ठिपका वाकडा पडला की ओल्या फडक्याने पुसून टाकतात.