जेवणाआधी अर्धा तास

बाकीच्या गोळ्या समजूतदार आहेत. सकाळची सकाळी, रात्रीची झोपताना, घड्याळ बघून गिळली की झालं. हे एक औषध मात्र हट्टी. पाण्यात विरघळवून प्यायचं, अर्धा तास थांबायचं आणि लगेच जेवायला बसायचं. वेळ चुकली की अंगावर गांधी उठतात, पोटात पिळा पडतो, कधी घसाच आवळतो. अंगात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, तुमच्या त्या विनाकारण चवताळतात, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. जेवायची वेळ ठरलेली आहे ना, असंही विचारलं. मी मान डोलावली. खरं सांगायची लाज वाटली.

जळोचीतल्या आमच्या घरात बाईला जेवायची वेळ नसते. सासरे आणि आमचे हे रानातून येणार, जेवून उठणार, मग सासूबाई आणि मी. कधी साडेबारा, कधी विहिरीवरची मोटार जळाली म्हणून अडीच. फटफटीचा आवाज आला की मी पेला तोंडाला लावायचे. पण पुरुष गप्पा मारत किती वेळ जेवतील हे कुणी सांगावं? निम्म्या वेळा अंदाज चुकायचा. एकदा विचारलं, मी आधी जेवू का? सासूबाई म्हणाल्या, म्हणजे आता त्यांनी तुझ्यामागून जेवायचं. यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

मग इंदापूरला नणंदेच्या घराची वास्तुशांत आली. पत्रिकेत जेवण साडेबाराला, म्हणून मी बाराला औषध घेतलं. पिशवीत मला सोसणाऱ्या दुधी-भाताचा डबाही होता. पण कुणी पुढारी यायचे होते, आणि ते सोलापूर रस्त्यावर कुठंतरी हार घालून घेत बसले होते. ते आल्याशिवाय पंगत बसेना. आले, मग पुरुष बसले, मग आणखी पुरुष. दोन वाजता मी डबा काढला, तर सासूबाईंनी हातातून घेऊन परत पिशवीत घातला. लेकीच्या घरी डबा उघडलास तर लोक काय म्हणतील? बायकांची पंगत तीनला बसली. मी मूर्ख, औषध एकाच वेळेचं नेलेलं. न जेवता उठले असते तर नणंदेला वाईट वाटलं असतं, म्हणून वांग्याची भाजी खाल्ली. चार घासांत ओठ सुजले आणि श्वास अडकला. यांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, म्हणून वाचले. सासूबाईंनी घरी येऊन मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि शेजारणीला सांगितलं की शिकलेल्या पोरींची दुखणी अशीच असतात.

मागच्या वर्षी सासूबाईंना चक्कर आली. साखर निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळी दिली, जेवणाआधी अर्धा तास, आणि जेवण वेळेवर, नाहीतर साखर एकदम उतरेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासरे बाराच्या आत घरात. मोटार जळाली तर जळू दे म्हणाले. यांनी मोबाइलवर गजर लावला. साडेबाराला ताटं, आणि आधी बायकांची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला आनंद व्हायला हवा होता. इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हापासून बाराला सासूबाई गोळी घेतात, मी पेला. तीन महिन्यांत गांधी गेल्या. परवा शेजारीण दुपारीच आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, पोरगी सुधारली की. सासूबाई खूश झाल्या.

"म्या म्हनलं न्हवतं व्हय? तिचं समदं मनाचं हुतं. माझ्यासंगं वक्ताला जेवाय लागली आन् बघा, बरी झाली."

जेवण वेळेवर म्हणून औषध लागू पडलं होतं. बोलले असते तर साडेबाराचं ताट गेलं असतं. सासूबाईंची साखर कधी बरी होऊ नये, असं माझ्या मनात येतं. आता त्याचीही लाज वाटत नाही.

गजर वाजला. त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि मी माझा पेला उचलला.